उत्तमचा डबा

पालमच्या एसटी स्टँडवर गावचा एक ओळखीचा भेटला. हसतच म्हणाला, "तुमच्या दोस्ताची हलगी थांबली की हो." कावीळ बळावली, नांदेडला नेता नेता उत्तम गेला... हे त्यानं नंतर सांगितलं. दीड महिना झाला, तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. अरे, उत्तमनं हलगी कधी हातात तरी धरली होती का?

हलगी त्याच्या वडिलांची. पोळ्याला गावाच्या बैलांपुढं वाजवा, मयतीपुढं वाजवा आणि मग भाकरीसाठी दारात उभे राहा. नामांतराची चळवळ पेटली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली. गावानं त्यांचं दळण बंद केलं. त्यात आमचे मोठे काका पुढं होते, हे लिहिताना मला लाज वाटते. उत्तम आणि मी तेव्हा एका वर्गात होतो.

पुढं परभणीच्या दुकानातून त्यानं एक कॅसेट आणली. वर तलवार घेतलेला घोडेस्वार, मागं बारीक अक्षरात 'पॉवर मेटल'. परदेशातल्या कुठल्याशा बँडचा अल्बम, दुकानात कुणी हात लावत नव्हतं. माझ्या टेपरेकॉर्डरवर लावली आणि ड्रम असे काही सुटले की मी आवाज कमी करायला धावलो. उत्तमनं माझा हात धरला. "राहू दे. ही पोरं लय चिडलीत बघ. पर रडायले न्हाईत." गोडेतेलाचा रिकामा डबा पालथा घालून तो वाजवायला लागला. महिन्याभरात दोन्ही बाजू त्याच्या बोटांत बसल्या. गाण्यातला एक शब्द कळत नव्हता, पण ठोका चुकत नव्हता.

एकदा काका दारात येऊन ऐकत उभे राहिले. "हात सळसळायलेत की! मंग पोळ्याला ये."

"हात माझे हायेत काका," उत्तम म्हणाला, "आन् डबा बी माझाच हाय."

अशा माणसाच्या शोकसभेत गावानं फळ्यावर काय लिहावं? 'प्रसिद्ध हलगीवादक'! फोटोशेजारी हार घातलेली हलगी, तीही शेजारच्या गावातून मागून आणलेली. जिवंतपणी वाजवली नाही, म्हणून मेल्यावर गळ्यात बांधता? मी ती उचलून बाजूला ठेवली आणि सभेच्या स्पीकरवर त्याची ती कॅसेट लावली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. काका ओरडले, "बंद करा तो कालवा!"

उत्तमची बायको सुमन तोवर मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, "चालू द्या. तुमचं लय दिवस ऐकलं की आमी."

परवा तिच्या घरी गेलो. डबा खिडकीखाली पालथाच आहे, वरचा पत्रा बोटांनी खोलगट झालेला. घरात जवारी गोणीतच पडली होती. मी म्हटलं, डब्यात का भरत नाही?

"भरल्यावर वाजल का त्यो?" ती म्हणाली.