मामाचा खोकला ओळखणारी कबूतरं

बिल्डिंगमध्ये कुजबुज आहे की मामा गच्चीवर लपून सिगारेटी ओढायचा, म्हणून त्याची छाती गेली. तळमजल्यावरच्या काकू तर नाक चिमटीत धरून सांगतात, "मी स्वतः वास घेतलाय हो." साफ खोटं. मामाने काडी पेटवली ती फक्त गॅससाठी.

त्याचा नाद एकच, कबूतरं. आणि लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस आता जिना चढताना दर मजल्यावर कठडा धरून उभा राहतो.

डॉक्टर चष्मा कपाळावर सारून बोलतात. मला त्यांची नक्कल छान जमते. "पिसांचा, शिटेचा धुरळा छातीत जातो. शरीर त्याला शत्रू समजून प्रतिपिंडं सोडतं. दोघं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे फुफ्फुसात अडकतात, तिथे सूज येते. भांडण त्यांचं, घर जळतं तुमचं. कबूतरं घालवा."

"गोळ्या वाढवा की," मामा म्हणाला.

"गोळ्या खाऊन आगीत बसणार?"

मामाने ती दूरच्या गावी देऊन टाकली. संध्याकाळी मामाच्या आधी ती घरी. मामी रडकुंडीला आली.

मग समोरच्या गच्चीवर माझ्या मैत्रिणीच्या बाबांनी खुराडं ठेवू दिलं. कबूतरं तिकडे वळवायचं काम माझं, कारण त्यांना बोलावायची मामाची शिट्टी मी हुबेहूब मारते.

"तुला फसायची नाहीत ती," मामा म्हणाला.

"लाव पैज. माझ्याकडे आली तर तू दाणे टाकायची खिडकी कायमची बंद करायचीस."

"आणि नाही आली तर?"

"तुझी नक्कल बंद."

"त्याची तर वाटच बघतोय."

काल सकाळी मी समोरच्या गच्चीवर, मामा आपल्या खिडकीत काचेआड. शेजारी मामी, ओठ घट्ट मिटून. मी शिट्टी मारली. थवा वळला, खाली आला, अगदी डोक्यावर आला.

आणि मामाला खोकला आला.

तो बंद काचेतूनही गल्लीभर ऐकू येतो. सगळी कबूतरं गर्रकन फिरली आणि त्याच्या खिडकीवर जाऊन बसली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कित्येक महिने मामाकडे शिट्टीपुरता श्वासच नव्हता. तो खोकत खोकतच दाणे टाकायचा. मामाचा खोकलाही मला हुबेहूब काढता येतो, पण तेवढी नक्कल करू नकोस, असं मामीने हात जोडून सांगितलं होतं.

कबूतरं काचेवर चोची मारत होती. मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. हरलीस, एवढं मला त्याच्या ओठांवरून कळलं. तो हसत होता. मामीने त्याचं मनगट धरलं, तर दुसऱ्या हाताने त्याने कडी काढली.