चपला काढून पाहिलेला चित्रपट

सिन्नरहून आलेल्या त्या बाईंचे नाव विचारायचे मला सुचले नाही. पुराणकथेवरचा तो ॲनिमेशनपट नाशिकमध्ये कित्येक आठवडे हाऊसफुल्ल चालला होता. मलाही तो पाहायचा होता. पण साठीच्या बाईने एकटीने कार्टून पाहायला यावे, याचा संकोच वाटून मी तिकीट हातात असूनही दारातूनच परत फिरत होते. तेवढ्यात जीपभर बायकांना घेऊन आलेल्या त्या बाईंनी देवळात काढाव्यात तशा चपला दाराबाहेर काढल्या आणि मला म्हणाल्या, “काढा की ताई. देव बघायचाय ना?”

“माझ्यासोबत लहान मूल नाही हो,” मी पुटपुटले.

“मग आमच्यासंगं कुठंय? पोरं कवाच बघून गेली. लय भारी हाय म्हनं! चला, अंधारात कोन वय इचारतंय?”

मी त्यांच्यामागे अनवाणी आत गेले. पडद्यावर देव प्रकटताच त्यांनी हात जोडले, कपाळाला लावले आणि मग पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. आयुष्यभर सभांमध्येही बोटांनीच टाळ्या वाजवणारी मी, त्यांच्या कृपेने, हात दुखेपर्यंत वाजवत राहिले.