वेलांटीचा दोष नव्हता

लातूरला वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी कामाला होते. उदगीरच्या एका बियाण्याच्या दुकानाची साइट आम्ही नुकतीच सुरू करून दिली होती. उघडली की वर ‘खात्रीचे बियाणे’ हे शब्द एकेक अक्षर टपकत यायचे. ते काम माझ्याआधीच्या माणसाने केलेलं होतं.

एका सकाळी दुकानदारांचा फोन आला. आवाजावरून वयस्कर वाटले.

“ताई, आमच्या बियाण्याला कोणता रोग लागला वो? ‘ब’ एकीकडं, वेलांटी एकीकडं. गिऱ्हाईक हसून राहिलेत.”

मी साइट उघडली. खरंच, ‘ब’ आधी पडत होता आणि त्याची वेलांटी मागून येऊन, अक्षराच्या जागी उमटलेल्या ठिपक्यांच्या एका गोलाला लटकत होती. ‘त्री’चे तर चार तुकडे. मलाच शरम वाटली.

ऑफिस चालवणाऱ्या सरांना दाखवलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “हाव, मराठीत ॲनिमेशन चालत न्हाई. इंग्रजीत टाकून दे, मोकळी हो.”

माझं डोकंच फिरलं. हदगावच्या माझ्या शाळेत वेलांटी चुकली तर बाई पानभर लिहायला लावायच्या. आणि इथे आमच्या हाताने मोडलेलं अक्षर दिसत असताना दोष मराठीचा? उदगीरच्या शेतकऱ्याने बियाणं इंग्रजीत वाचायचं?

“सर, मराठी चालते. आपला कोड चालत नाही. दोन दिवस द्या.”

“दिले. पण जे चालू हाय ते बिघडवू नको.”

कोड उघडला आणि आणखी चिडले. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी ओळ, प्रत्येकाला हाताने दिलेला वेगळा वेळ. नावं तरी काय, ए-वन, ए-टू, मधेच ‘टेस्ट-फायनल-नवीन’. मोबाइलसाठी तेच सगळं पुन्हा चिकटवलेलं. एक शब्द बदलायचा तर सगळं नव्याने लिहा. मागून येणाऱ्या माणसाने हे वाचावं कसं, हा विचार त्या माणसाला शिवलाच नव्हता.

मी ते सगळं काढून टाकलं. मजकूर एकाच जागी, सलग ठेवला. काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर वेगळं करून देणारी सोय ब्राउझरमध्ये असतेच, ती वापरली. मग प्रत्येक अक्षराला त्याचा क्रमांक दिला आणि कोणी कधी पडायचं हे त्या क्रमांकावरून ठरवलं. नावंही अशी ठेवली की वाचताच काम कळावं. सगळं मिळून एका पडद्यावर मावलं. खा, त्री, चे, बि, या, णे. अख्खी अक्षरं पडताना पाहिली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

त्याच आठवड्यात दुकानदारांचा पुन्हा फोन. “लई बेस झालं, ताई. आता पुढं ‘योग्य सल्ला’ बी टाका की.”

मी फोनवर असतानाच दोन शब्द टाकले. झालं.

सर मागे उभे होते. “एवढं सोपं होतं, तर दोन दिवस काय करून राहिली होतीस?”

“सोपं नव्हतं सर. मी सोपं केलं.”

ते तोवर खिशातला फोन काढून बाहेर गेलेही होते.

पुढच्या सोमवारी त्यांनी एका मंगल कार्यालयाचं काम माझ्याकडे दिलं. सुरुवात म्हणून बियाण्याच्या साइटची जुनीच फाइल चिकटवली होती, ए-वन, ए-टूसकट. मी ती पुसली. या वेळी कोणाला विचारलं नाही.