वरून ओतलेलं पाणी

वरून पाण्याची धार आली आणि ठकूमावशीनं पटकन ओंजळ करून तोंड खाली नेलं.

प्रार्थनेच्या घरात पुढच्या चटईवर कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. आप्पासाहेब हातात तांब्या धरून ताठ उभा होता. तो म्हणाला, "पाय धुवाचे हायेत, म्हातारे. प्याचं नाई."

मावशीची ओंजळ भरली होती. प्यावं की सांडावं, तिला कळेना. साठीच्या पुढची बाई. जन्मभर तिला पाणी असंच मिळालेलं. कुणीतरी उभं राहून वरून ओतणार, आपण उकिडवं बसून खाली ओंजळ धरणार. भांडं बाटू नये म्हणून. धार दिसली की हात आपोआप पुढं. यात तिची काय चूक? पण लोक हसले म्हणून तीही हसली. तिचं ते हसणं माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मी तिच्या शेजारीच बसले होते. पुढचा नंबर माझा.

गोष्ट जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या आधीची. वाशीमकडच्या किन्हीराजाच्या बाजूला आमचं गाव. महारवाड्यातल्या सात-आठ घरांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं होतं. आमच्यानंतर काही वर्षांनी पाटलाच्या घरातला हा आप्पासाहेब आला. भाऊबंदांनी त्याला टाकलं. त्यानं ते सोसलं, मी नाकारत नाही. पण मिशननं त्याला लगेच मंडळीचा वडील केलं, म्हणजे कारभारी. आमच्यातला कुणी कधी वडील झाला नाही. तेव्हा मी त्याला अहोजाहो करायची. आता लिहिताना करत नाही.

मी मिशनची प्रचारक बाई होते. नवरा तापानं गेला तेव्हा मिसीबाईनं मला मिशनच्या खोलीत ठेवून घेतलं आणि अक्षर शिकवलं. ती गोरी बाई वाशीमला राहायची. मनानं वाईट नव्हती. खांद्याला पिशवी, हातात पुस्तक, अशी मी उन्हातान्हात गावोगाव फिरायची आणि बायांना सांगायची. नम्र व्हा. मान खाली घाला. देवाला शरण जा, म्हणजे आत्मा वाढतो. बाया रडायच्या. मिसीबाई म्हणायची, तुझ्या तोंडात गोडवा आहे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आणि मला प्रभुभोजन आवडायचं. प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा मिळायचा, मग द्राक्षरसाचा पेला यायचा. एकच पेला, सगळ्यांच्या ओठांना लागलेला. माझ्या आयुष्यात तेवढं एकच भांडं होतं, जे पाटलाच्या तोंडाचं माझ्या तोंडाला यायचं. त्या पेल्यासाठी मी ख्रिस्ती राहिले म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी मिसीबाईनं नवी रीत आणली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी वडिलानं मंडळीचे पाय धुवायचे. प्रभूनं शेवटच्या रात्री कमरेला पंचा बांधला, खाली बसला आणि शिष्यांचे पाय हातात घेऊन धुतले, तसे. मी हे महारवाड्यात सांगितलं तेव्हा ठकूमावशी पुन्हापुन्हा विचारत राहिली.

"पाटील माह्या पायाले हात लावन?"

"लावन, मावशी."

"खरं सांगून राह्यली नं वं?"

"पुस्तकात तसंच हाय."

मग तीन दिवस मी वाड्यातल्या बायांना नाल्यावर नेलं. खापराच्या ठिकरीनं त्यांच्या टाचा घासल्या. मावशीच्या भेगांतून रक्त आलं, तरी ती म्हणाली, घास. मी भेगांत एरंडीचं तेल भरलं. मी म्हणायची, नीट घासा गं, आप्पासाहेबांना किळस यायला नको. हे मीच म्हणायची.

गुरुवारी आप्पासाहेबानं आधी मिसीबाईचे पाय धुतले. खाली बसून. हातात घेऊन, पंच्यानं बोटन् बोट पुसून. मग मिशनच्या मास्तरचे, मग मास्तरच्या बायकोचे, तसेच. मग आमची रांग आली आणि तो उठून उभा राहिला. पंचा खांद्यावर टाकला. तांब्या घंगाळात बुडवला आणि वरून धार सोडली. मावशीनं ओंजळ धरली ती तेव्हा.

तो माझ्यापुढं आला. मी बोलले.

"आप्पासाहेब, खाली बसा. हात लावा."

"काय म्हनून राह्यली तू?"

"मावशीपासून पुन्यांदा करा. हात लावून."

त्यानं मिसीबाईकडं पाहिलं. मीही पाहिलं. तिनं सगळं पाहिलं होतं, तांब्याही आणि ओंजळही. ती हळूच म्हणाली, "बाई, आज गर्व नको."

त्यानं तांब्या कलता केला. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. पाणी शेणानं सारवलेल्या भुईवर पडलं आणि चिखल झाला.

मिशनचा निवाडा दुसऱ्याच दिवशी कळला. ईस्टरच्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर, आप्पासाहेबापुढं गुडघे टेकून मी गर्वाची माफी मागायची. नाही मागितली तर भाकर नाही, पेला नाही. शनिवारी दुपारी मिसीबाई स्वतः माझ्या खोलीवर आली.

"तू इतक्या बायांना शरण जायला शिकवलंस," ती म्हणाली. "आता तू शरण जा."

"कोनाले?"

"देवाला."

"मंग आप्पासाहेबापुढं काहून बसवता?"

ती दाराकडं वळली. मग म्हणाली, "ते एकच आहे."

ती गेली. मी दारात बसून राहिले. चूल पेटवली नाही. मला भीती वाटत होती. पेला जाईल, पिशवी जाईल, ही खोली जाईल. पण भीतीच्या खाली राग होता, आणि तो एकट्या आप्पासाहेबावर नव्हता. इतकी वर्षं मी बायांना काय शिकवलं? त्यांच्या माना आधीच खाली होत्या. उभ्या माणसासमोर उकिडवं बसायला त्यांना माझी गरज नव्हती. प्रभूच्या गोष्टीत खाली कोण बसलं होतं? जो मोठा होता तो. हे पुस्तक मी हजारदा वाचलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. ठकूमावशीची ओंजळ पाहिली तेव्हा दिसलं.

रविवारी मी गेले. आप्पासाहेब भाकर-पेला ठेवलेल्या मेजाच्या अलीकडं खुर्चीवर बसला होता. मी त्याच्यासमोर थांबले नाही. खुर्चीला वळसा घालून मेजापुढं गेले, त्याच्याकडं पाठ केली आणि गुडघे टेकले. मोठ्यानं बोलले, मागच्या चटईपर्यंत ऐकू जाईल असं.

"देवा, माही चूक झाली. मी बायाइले सांगतलं, मान खाली घालनं म्हंजे नम्रता. मी त्याइचे पाय रगत येस्तोवर घासले. तू खाली बसला होता, आन् मी त्याइले उभ्या मानसापुढं बसवलं. मले माफ कर."

मी उठले. मागून आप्पासाहेब म्हणाला, "ही माफी नोहे."

"तुमची मांगतली नाई," मी म्हणाले.

पेला निघाला. माझ्यापाशी आला तेव्हा मिसीबाईनं त्यावर हात ठेवला आणि तो माझ्या पुढून मावशीकडं नेला. मावशी प्याली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मले भेव वाटलं, माय."

सोमवारी मिशननं पिशवी आणि पुस्तक परत मागितलं. खोली गेली. मी वाड्यात परतले आणि शेतात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागले. बाया येतात, गोष्ट सांग म्हणतात. मी तीच गोष्ट सांगते, पण आता खाली कोण बसलं होतं इथूनच सुरू करते.

मावशी दोन वर्षांनी गेली. पुरायच्या आधी तिचे पाय मी धुतले. भेगा तशाच होत्या. पाटलाचा हात त्यांना लागला नाही तो नाहीच.

मिशनचा निरोप अजून येतो. एक शब्द बोल, म्हणतात, पेला मिळेल. तहान मला आहे, कमी झालेली नाही. रोज पहाटे मी गुडघे टेकते. माझं जे होतं ते सगळं मी देवाला देऊन टाकलं आहे. त्यातलं आप्पासाहेबाला द्यायला काही उरलेलं नाही. खाली बसून हात लावायचा असेल तर त्यानं यावं. वरून ओतलेलं मी आता घेणार नाही, पाणी असो की पेला.