चांदूर रस्त्यावरचं संत्रं

अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची, एवढंच माझं ठरलं होतं. पुण्यात तीनदा धावले. तिन्ही वेळा शेवटची कमान समोर दिसत असताना दोन तास उलटले. यंदा पन्नाशी लागली. मग अमरावतीच्या शर्यतीची जाहिरात दिसली. डिसेंबर, थंडी, मोकळा रस्ता. वाटेत अकोल्याला मावसबहीण सुलू राहते. नाव नोंदवलं.

पुण्याहून रात्री निघालेली गाडी सकाळी अकोल्याला पोचते. पांघरूण न्या, विदर्भात शिरल्यावर लागतं. सुलू स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर उभी होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी साधं खायचं असतं, मला फक्त वरणभात कर, असं तिला फोनवर दोनदा बजावलं होतं. घरी पोचले तर अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजत होते आणि चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलली.

"एवढ्या दुरून आली अन् वरनभात खाते? लोकं का म्हनतीन मले?"

कोणते लोक, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी दोन रोडगे खाल्ले, तुपात बुडवून. धावायला जाणार असाल तर नातेवाइकांकडे शर्यतीनंतर जा.

दुपारच्या एसटीनं निघालो. अकोला ते अमरावती दोन-अडीच तास लागतात आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. सुलू सोबत आली. धावताना तुझे गरम कपडे कोण सांभाळीन, हे तिचं कारण. मूर्तिजापूरनंतर कापसाचे ट्रॅक्टर लागले. ताडपत्रीतून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकला होता. सुलूनं कंडक्टरला माझी सगळी हकिकत सांगितली. त्यानं तिकीट फाडून हातात दिलं आणि जरा विचार केला.

"एकवीस किलोमीटर? काहून पण? आपली एसटी हाय ना."

मागचे दोन बाक हसले. मीही हसले.

अमरावतीत धावण्याचा नंबर आदल्या संध्याकाळीच घ्यावा लागतो. स्टँडजवळ लॉज पुष्कळ आहेत. आमची खोली स्वच्छ होती, भाडं बेताचं. गरम पाणी मात्र सकाळी सहाला येतं आणि शर्यतही सहालाच सुटते. अंघोळ नंतर.

रस्ता शहराबाहेर पडून चांदूर रेल्वेच्या दिशेनं जातो. आधी सपाट, मग चढ, दोन्ही बाजूंना साग. वळून त्याच रस्त्यानं परत यायचं. म्हणून जाताना दम राखायचा आणि येताना उतारावर वेळ भरून काढायचा, असा माझा बेत होता.

चढाच्या पायथ्याशी पाण्याचं टेबल होतं आणि तिथे गर्दी तुंबली होती. संयोजकांनी शेजारच्या संत्रीवालीकडून दोन टोपल्या घेतल्या होत्या. सालीसकट चार फोडी करून द्या, असं तिला सांगितलेलं. ती साठीची बाई खाली बसून एकेक संत्रं सोलत होती, पांढऱ्या शिरा काढत होती आणि मगच हातात देत होती. कॉलेजची मुलं तिला विनवत होती, मावशी, नुसतं कापा. मावशी मान वर न करता म्हणाली, "पाहुन्याले असं देत असतात का?"

माझ्याकडे वेळ नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी धावता धावता म्हटलं, येताना घेते. पुण्यात याचा अर्थ नको असा होतो.

चढ राखून चढले. उतारावर पाय सुटले. पायथ्याशी आले तेव्हा घड्याळ माझ्या बाजूनं होतं, पण थोडंसंच. मी तिला विसरले होते. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. तळहातावर सोललेलं संत्रं, एक शीर नाही.

मला थांबणं भाग होतं. पाय तसेही थांबायला तयारच होते.

"थांबू नोको," ती म्हणाली आणि माझ्या बाजूनं धावायला लागली. लुगडं वर खोचलेलं, पायात चपला. एकेक फोड माझ्या हातात देत होती.

"किती टाइम पायजे तुले?"

"दोन तासांच्या आत."

"मंग बोलू नोको. खाय. बी थुंक."

मागून मुलं शिट्ट्या वाजवत होती. छोट्या पुलापर्यंत ती आली. शेवटची फोड दिली आणि कठड्याला टेकली.

"जाय आता. माह्यं दुकान उघडं हाय."

पुढचं फारसं आठवत नाही. तोंडात गोड होतं. कमान आली, तिच्यावरच्या घड्याळाकडे मी पाहिलंच नाही. ते काम सुलूचं होतं. दोन तासांना पाऊण मिनिट कमी. तिनं माझ्या अंगावर शाल टाकली आणि समाधानानं म्हणाली, "रोडग्यानं झालं."

नाष्ट्याला तर्री-पोहे खाल्ले आणि ऑटो करून दोघी संत्रीवालीकडे गेलो. पुण्याच्या निम्म्या भावात संत्री मिळाली. साल सैल आणि जरा हिरवट असलेली घ्या, दिसायला गबाळी पण गोड असतात. मावशीनं तोलून दिली, वर दोन टाकली आणि मग विचारलं, झालं का. झालं, म्हटलं. ती खूश झाली, पण लगेच काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"मी पुलावरोक धावली तेवढं तुह्यातून वजा कर."

सुलूला हे अगदी रास्त वाटलं.

पदक दारामागच्या खिळ्याला आहे. संत्री आठवडाभरात संपली. आता घरी संत्रं सोललं की मी शिरा काढत बसते. नवरा हात पुढे करून वाट पाहतो आणि एवढा वेळ का लागतो, विचारतो. लागतो.

दोन तासांचं काम झालं, हे खरं. पण मावशीचा हिशेब धरला, तर टेबलापासून पुलापर्यंतचा रस्ता माझा अजून धावायचा राहिलाय.