मामांच्या भिंतीतली फरशी

मामा गेल्याचा फोन दादानं केला आणि त्याच फोनवर, माझं रडणं थांबायच्या आत, म्हणाला, "त्यांच्या नावानं देवळात कायतरी करू." तिथंच मी सावध व्हायला हवं होतं... पण अशा वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

आमचं आजोळ ढोकीजवळ. गावात विटांची जुनी देवळं आहेत, इतकी जुनी की सरकारनं निळा बोर्ड लावून ती जपायला घेतलीत. मामा त्यांच्या डागडुजीवरचे गवंडी, तेही चुन्यातले. भिजवलेला चुना, विटांचा चुरा, गूळ, बेलफळाचं पाणी. ही विद्या त्यांच्या वडलांची. सिमेंटचं नाव काढलं की माणूस पेटायचा. "सिमेंट ओल बाहेर पडू देत न्हाय. आतल्या आत वीट कुजती," हे त्यांनी गावात कुणाला म्हणून ऐकवायचं बाकी ठेवलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गेलो होतो. दादानं हौसेनं झेंडूचं तोरण नेलेलं. ते अडकवायला त्यानं देवळाच्या भिंतीत खिळा ठोकायला घेतला, आणि मामा असे धावत आले की आम्हाला वाटलं साप निघाला. "ए, हात काढ! तुझ्या हॉलची भिंत हाय का ही?" बायकोपोरांसमोर बोलले म्हणून दादा फुगला, जेवायलाही बसेना. मामा तोरण हातात धरून त्याच्यामागं फिरत होते. "उंबऱ्यावर ठीव की लेका. देव काय वर बघूनच पावतो का?" मला हसू आवरेना. ती त्यांची-माझी शेवटची भेट.

तेराव्याला गेले तर दादा मला हाताला धरून देवळात घेऊन गेला. डोळे भरलेले त्याचे. भिंतीत काळ्या ग्रॅनाइटची चकचकीत फरशी. सोनेरी अक्षरांत मामांचं नाव, खाली 'स्मरणार्थ', त्याखाली दादाचं नाव, सहकुटुंब. चारी बाजूंनी ताजं सिमेंट. अहो, ज्या माणसानं त्या भिंतीत खिळा ठोकू दिला नाही, त्याच्याच नावानं ती फोडली! "छान दिसतं ना?" दादानं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज वाटत नाही का रे तुला?" "प्रेमानं केलंय गं," तो म्हणाला. प्रेमानं! चुलीत घाला असलं प्रेम. जन्मभर माणूस एकच गोष्ट सांगत होता, तेवढी यानं ऐकली नाही.

पाहुणे पांगल्यावर मामींनी मामांची छिन्नी-हातोडी माझ्या हातात दिली. "तू ठोक. मी धरते." त्या निळ्या बोर्डाच्या नियमात ते बसतं का, मला ठाऊक नाही, फरशी तरी कुठं बसत होती? दुपारभर आम्ही दोघी ठोकत होतो. फरशी निघाली, पण दोन विटांची तोंडं घेऊन. मामी भिंतीतल्या त्या दोन खड्ड्यांवरून हात फिरवू लागल्या. मामा गेले तेव्हा रडल्या नव्हत्या तेवढ्या तेव्हा रडल्या.

फरशी मी दादाच्या दारात नेऊन टेकवली. म्हटलं, "तुझ्या हॉलमध्ये लाव." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. सगळे म्हणतात, जाऊ दे, सख्खा भाऊ आहे. का जाऊ दे?

मामांच्या परसात एक रांजण आहे. त्यात चुना पाण्याखाली मुरतोय, त्यांनीच घातलेला. तोच काढून मामींनी कालवला, नवऱ्याला जन्मभर त्यांनीच तर कालवून दिला होता, आणि स्वतःच्या हातानं ती दोन तोंडं भरली. रोज सकाळी जाऊन त्यावर पाणी मारतात. चुना आवळला का, घट्ट झाला का, हे बघायला मामा अंगठा दाबायचे. परवा मी एसटीनं गेले, तर मामी देवळातच होत्या, भिंतीला अंगठा लावून.

"आवळला का, मामी?"

"न्हाय अजून," त्या म्हणाल्या. "घाई सिमेंटवाल्याला असती."

मामांचंच वाक्य. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि तांब्या भरून आणायला मला पाठवलं.