आप्पांचं गाऱ्हाणं आणि माझं राइट क्लिक

माझ्या कॉम्प्युटरवर राइट क्लिक केलं की जो मेनू उघडतो, तो स्क्रीनवर मावत नाही. खाली एक बारीक बाण येतो, त्यावर माउस नेऊन ठेवायचा, की उरलेला मेनू सरकत वर येतो. मला ह्याची लाज वाटत नाही. पुढे जे झालं त्यानंतरही वाटली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमची ही (नाव सुलभा) ही गोष्ट सांगताना शेवटी "आणि ह्यांना काही वाटलंसुद्धा नाही" असं म्हणते, आणि ते अगदी खरं आहे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं की सगळ्यांना तेच ते मिळतं. कॉपी, कट, डिलीट, संपलं. पण त्या मेनूत आपल्याला हवी ती कामं वरून जोडता येतात. त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात आणि बरीचशी फुकट मिळतात. माझ्याकडे शंभर फाइलींना एका दणक्यात क्रमांक देणारं अ‍ॅड-ऑन आहे. फोल्डरला रंग देणारं आहे. आवाजाच्या पाच-सहा फाइली जोडून एक करणारं आहे. एक तर असं आहे की ते काय करतं ते मलाही माहीत नाही, पण काढून टाकायचा धीर होत नाही.

"हा मेनू आहे की उडप्याच्या हॉटेलातलं कार्ड?" सुलभाने एकदा पाठीमागे उभं राहून विचारलं.

"तुला नाही कळायचं. कामाला सिस्टिम लागते."

"उडप्याकडे निदान खायला तरी मिळतं."

मी आयुष्यभर एका कचेरीत रेकॉर्ड सेक्शनला होतो. क्रमांक नसलेली वस्तू मला दिसतच नाही. रिटायर झाल्यावर परळच्या दोन खोल्यांत रेकॉर्ड ते किती असणार? म्हणून मी कॉम्प्युटरकडे वळलो. (मधे काही दिवस मसाल्याच्या डब्यांकडेही वळलो होतो. त्याचा उल्लेख पुढे येईल, आणि मी नाही आणलेला.)

तर आमच्या लेकीचा, केतकीचा, साखरपुडा ठरला. मुलगा दादरचा, माणसं चांगली. सुलभाचं माहेर डिलाईल रोडच्या चाळीतलं, मूळ मालवणकडचं. त्यांच्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. घरातला वडीलधारा माणूस देवापुढे नारळ ठेवून, "बा देवा म्हाराजा" म्हणून देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझे सासरे आप्पा हे त्यातले दादा. मिलमध्ये भोंग्याच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. त्यांनी गाऱ्हाणं घातलं की शेजारच्या चाळीतूनही "व्हय" यायचं.

नेमकं त्याच आप्पांच्या घशाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण आवाज पहिल्यासारखा येईल का, किंवा मुळात येईल का, ते आत्ता सांगता येत नाही. सुलभा त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली.

"माझ्या लग्नात आप्पांनी गाऱ्हाणं घातलं," ती म्हणाली, "म्हणून तुमच्यासारख्या माणसाबरोबर एवढी वर्षं निभावलं. माझ्या केतकीला आप्पांचं गाऱ्हाणं मिळायलाच हवं."

मग ऑपरेशनच्या आधी तिने आप्पांचं गाऱ्हाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. घसा दुखायचा म्हणून तीन तुकड्यांत, मधे मधे विश्रांती देत. ऑपरेशन झालं. आप्पांना बोलायला सक्त मनाई झाली आणि त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल आली. ते तुकडे नीट करायचं काम माझ्याकडे आलं.

आता मला सांगा, ह्यात मी काय चुकीचं केलं? सुलभाच्या मोबाइलमधल्या आवाजाच्या सगळ्या फाइली मी कॉम्प्युटरवर घेतल्या. नावं काय, तर 'आप्पा नवीन', 'आप्पा परत', 'हे बघ', आणि बाकी सगळा नुसता आकड्यांचा काला. अंगावर काटा आला माझ्या. राइट क्लिक केलं, वेळेनुसार सगळ्यांना क्रमांक दिले. काय देखणं दिसलं ते! मग आप्पांच्या पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सिलेक्ट केलं, राइट क्लिक, 'जोडा'. पुन्हा राइट क्लिक, 'पेनड्राइव्हवर पाठवा'. फाइल तपासलीसुद्धा. सुरुवात ऐकली, आप्पा. शेवट ऐकला, आप्पा. आमच्या सेक्शनला फाइल तपासायची हीच पद्धत होती आणि त्यावर एक अख्खी कचेरी चालली.

साखरपुडा भोईवाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. मी आधी दादरच्या मंडळींना रीत समजावून सांगितली. "वाक्य संपलं की डोळे मिटून व्हय म्हाराजा म्हणायचं. आणि एकदा सुरू झालं की गाऱ्हाणं मधे तोडायचं नाही, काही झालं तरी. अशुभ असतं." मुलाची आई, विद्याताई, फार हौशी बाई. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. आप्पा पुढच्या खुर्चीत पाटी मांडीवर घेऊन बसले. नारळ ठेवला. मी पेनड्राइव्ह स्पीकरला लावला.

"बा देवा म्हाराजा," आप्पांचा आवाज हॉलभर घुमला, "आज तुझ्या ह्या लेकरांनी जा काय कार्य मांडलेला आसा, तेका तू उभो रव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मान ताठ झाली. आणि मग स्पीकरमधून सुलभाच बोलायला लागली.

"नलू, अगं आप्पा जरा पडलेत, म्हणून म्हटलं तुला मेसेज टाकते. ह्यांनी काल मसाल्याच्या डब्यांवर नंबर टाकलेत."

"व्हय म्हाराजा!" हॉल म्हणाला. डोळे मिटलेले ना सगळ्यांचे.

आप्पांच्या विश्रांतीत ही बाई त्याच मोबाइलवरून डोंबिवलीच्या बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवत होती! वेळेनुसार लावल्यावर ते बरोब्बर मधे बसले. म्हणजे अ‍ॅड-ऑनने काम चोख केलं होतं, हे लक्षात घ्या.

"हळद मागितली तर म्हणतात, क्रमांक सात बघ."

"व्हय म्हाराजा!"

"माणूस वाईट नाही गं, पण डोक्याला ताप आहे नुसता."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सुलभाच्या माहेरचा आवाज जरा जास्तच चढला, असं माझं स्पष्ट मत आहे.

"अहो, बंद करा ना ते!" सुलभा दातओठ खात कुजबुजली.

"तोडायचं नसतं," मी म्हणालो. "तुमच्याकडचीच रीत आहे."

"मुलगा गुणी आहे," आप्पांचा दुसरा तुकडा आटोपल्यावर स्पीकरमधली सुलभा पुन्हा सांगत होती, "आई जरा जास्त बोलते त्याची, पण मनाची मोकळी आहे."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज विद्याताईंचा. मग त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की त्यांना पदर तोंडात कोंबावा लागला. केतकीने आधी माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघितलं, मग तिलाही आवरेना. अख्खा हॉल हसत असताना आप्पांचा शेवटचा तुकडा आला. "काय चूकमाक झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा."

सुलभा मात्र हसत नव्हती. "एकच गोष्ट मागितली होती मी," ती म्हणाली. मी काहीतरी उत्तर देणार होतो, पण तेवढ्यात आप्पांनी पाटी वर केली. त्यावर लिहिलं होतं, 'परत. जावई घालतील.'

मी गिरगावचा, खोताच्या वाडीशेजारी वाढलेला. मला मालवणी येत नाही. जन्मभर फक्त अर्ज वाचलेले. पण माघार घेईन तर मी कसला? नारळासमोर हात जोडून उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, विषय, आमच्या केतकीचा साखरपुडा."

"व्हय म्हाराजा!"

"दोन्ही मुलांना सुखात ठेव, एकमेकांचं ऐकायची बुद्धी दे, आणि आमच्या आप्पांचा आवाज त्यांना परत दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" हे सगळे मनापासून म्हणाले. सुलभाने माझ्याकडे बघितलं, जरा बऱ्या नजरेने. तिथे थांबायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. मी थांबलो नाही.

"आणि मगाशी जो घोळ झाला, त्यात माझी काहीही चूक नाही रे म्हाराजा."

हॉल गप्प. हळदीच्या नंबरालाही व्हय म्हणणारी माणसं एकाएकी गप्प. मी डोळे मिटून तसाच वाट बघत उभा.

आणि पुढच्या खुर्चीतून एक घोगरा, चिरका, पण ठाम आवाज आला.

"नाय म्हाराजा."

आप्पा होते. क्षणभर कुणाला कळेना. मग सुलभा धावत गेली, त्यांच्या गुडघ्यांशी बसली आणि हसत-रडत म्हणायला लागली, "आप्पा, बोलू नका, डॉक्टरांनी सांगितलंय, आप्पा, अजून एकदा बोला ना." आप्पांनी पाटीवर लिहिलं, 'रवला नाय.' म्हणजे राहवलं नाही.

डॉक्टर रागावले आणि मग म्हणाले, आवाज येतोय, काळजी नको. येतोय तो कुणामुळे? मी अ‍ॅड-ऑन लावलं नसतं तर आप्पांना एवढा संताप कशाने आला असता? हे मी घरात ठणकावून सांगतो. अजून कुणी व्हय म्हटलेलं नाही.

मेनू तसाच आहे, काल त्यात आणखी एक अ‍ॅड-ऑन घातलं. विद्याताईंच्या मोबाइलवर त्या दिवसाचं सगळं रेकॉर्ड झालंय, आप्पांच्या त्या दोन शब्दांसकट. त्यांनी ते सुलभाला पाठवलं. तिने फाइलचं नाव 'हे बघ' ठेवलंय आणि मला फक्त लांबून ऐकायची परवानगी आहे.